ऐन वेळी क्रूझ बुक केली तर खरंच स्वस्त पडते का? (सोलापूरहून पाच जण)

जुळे_मृणाल
नमस्कार मंडळी. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा झाला की जानेवारीच्या उत्तरार्धात घरच्या सगळ्यांनी मुंबईहून क्रूझ करायची, असं यंदा ठरवलंय. मी, हे, सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, एक १३ वर्षांचा आणि एक ८ वर्षांची. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डर कधी पूर्ण होते आणि कंटेनर कधी भरतो, यावर ह्यांची सुटी ठरते. दोन महिने आधी तारीख सांगणं आमच्या धंद्यात जमत नाही.

नवी पेठेतले एक एजंट म्हणाले, "वहिनी, थांबा. शेवटच्या आठवड्यात भाव निम्म्यावर येतो, तेव्हा मीच फोन करतो." जाऊबाईंच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, आत्ताच्या आत्ता करा, नंतर खोलीच मिळणार नाही. दोघंही छातीठोक सांगतात. मुंबई-गोवा, दोन किंवा तीन रात्रींची बघतोय. ज्यांनी ऐन वेळी बुकिंग केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सासूबाईंनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिलाय, तोही गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून. त्यामुळे ही सहल नीट व्हावी अशी फार इच्छा आहे.

कडक_भाकरी
लई भारी विषय काढला ताई. उजनीच्या पाण्यावर वाढलेली माणसं आपण, समुद्राचं कुणीतरी जाणकारानं सांगा. मी खुर्ची टाकून बसलोय.

वेशीतला_विजय
+१. वाचतोय.

तिकीटखिडकी
मी बरीच वर्षं ट्रॅव्हल कंपनीत होतो, आता मोहोळजवळ शेती बघतो. मृणालताई, त्या दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाव का उतरतो ते आधी सांगतो, मग तुमच्या बाबतीत उतरेल का ते तुम्हालाच कळेल.

जहाज रिकामं निघालं काय किंवा भरून निघालं काय, इंधन, कर्मचारी आणि बंदराचा खर्च जवळपास तेवढाच येतो. रिकाम्या राहिलेल्या खोलीचे शून्य रुपये मिळतात. शिवाय माणूस एकदा जहाजावर आला की दारू, कॅसिनो, स्पा, फोटो, गोव्यातल्या सहली यावर खर्च करतो. म्हणून खोली रिकामी नेण्यापेक्षा स्वस्तात भरलेली कंपनीला परवडते. ही झाली एक बाजू.

आता दुसरी. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांकडे आधी थोडी रक्कम भरून खोली धरता येते आणि उरलेले पैसे जहाज निघायच्या साधारण दोन-तीन महिने आधी भरायचे असतात. त्या तारखेला पुष्कळ लोक माघार घेतात आणि खोल्या सुटतात. तिथलं 'लास्ट मिनिट' खरं तर तेव्हा सुरू होतं. आपल्याकडच्या दोन-तीन रात्रींच्या फेऱ्यांना हे गणित तसंच लागू होत नाही, कारण आपली माणसं मुळातच उशिरा ठरवतात. शेवटच्या पंधरा दिवसांतच गर्दी होणार हे कंपनीला ठाऊक असतं. मग ती भाव कशाला पाडेल? मधल्या वारांना, परीक्षांच्या दिवसांत, एखादा मोठा गट ऐन वेळी रद्द झाला तर पाडेल. शुक्रवारी निघणारी, २६ जानेवारीला जोडून येणारी, दिवाळी-नाताळातली किंवा मे महिन्यातली फेरी असेल तर विसरा. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. लग्नं आणि कंपन्यांचे मेळावे हल्ली जहाजावर होतात. एका पार्टीनं निम्मं जहाज घेतलं की उरलेल्या खोल्यांचा भाव वरच जातो.

तिसरी गोष्ट, 'निम्मा भाव'. समजा माणशी एकूण २०,००० रुपये होतात. त्यात मूळ भाडं १३,००० आणि बाकीचे बंदर शुल्क, सेवाशुल्क, कर. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) जाहिरातीतली ५० टक्के सूट मूळ भाड्यावर असते. म्हणजे ६,५०० वाचले आणि तुमच्या हातात आले १३,५००. कर जरा कमी होईल तो वेगळा. सूट खोटी नाही, पण ती तिसऱ्या हिश्शाची झाली, निम्म्याची नाही. म्हणून एजंटला टक्के विचारूच नका. "पाच जणांचे सगळं धरून किती, ते कागदावर द्या," एवढंच म्हणा.

पुण्यात_अडकलेला
तिकीटखिडकी साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी वेगळं अनुभवलंय. मी आणि बायकोनं मंगळवारी रात्री बघितलं, बुधवारी पैसे भरले आणि त्याच आठवड्यात जहाजावर होतो. महिनाभर आधी जो भाव पाहिला होता त्यापेक्षा बराच कमी लागला. सप्टेंबर संपता संपताची गोष्ट, हंगाम नुकता सुरू झाला होता. आतली, खिडकी नसलेली खोली मिळाली. आम्हाला काय, झोपण्यापुरतंच जायचं होतं. तेव्हा 'आपल्याकडे भाव पडतच नाही' असं काही नाही.

तिकीटखिडकी
@पुण्यात_अडकलेला, तुमच्या अनुभवात सगळ्या अटी जुळल्या बघा. दोघंच, मूल नाही, मधला वार, हंगामाची सुरुवात, खोली कुठलीही चालेल, आणि पुण्याहून मुंबई तीन-चार तासांवर. यातल्या किती गोष्टी मृणालताईंकडे आहेत? मी एवढंच म्हणतोय.

हिप्परगा_तलाव
माझं मत थोडं कडू लागेल. एवढे पैसे घालून दोन रात्री लोखंडी खोलीत बसायचं आणि समुद्राकडे पाठ करून बुफेच्या रांगेत उभं राहायचं? त्याच पैशात तारकर्ली, देवबाग, मालवण आठवडाभर होतं. आजींना समुद्र दाखवायचाय ना? पहाटे किनाऱ्यावर खुर्ची टाकून द्या, रापण ओढताना दाखवा, घरगुती खानावळीत जेवा. तिथं ऐन वेळी गेलात तरी कुणी दुप्पट पैसे घेत नाही.

भाग्यश्री_साखरपेठ
@हिप्परगा_तलाव, तारकर्ली सुंदरच आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूत चालणं किती अवघड असतं ते माझ्या आईबरोबर मी पाहिलंय. जहाजावर लिफ्ट असते, जेवण, खोली, करमणूक सगळं एका छताखाली. सारखं सामान भरा, गाडीत बसा, उतरा असं नाही. म्हाताऱ्या माणसांना क्रूझ मानवते ती याच कारणानं. आमच्या आई वरच्या डेकवर बसून तासन्‌तास पाणी बघायच्या. डोळ्यांसमोर काहीच आडवं नाही, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

हिप्परगा_तलाव
वाळूचा मुद्दा मान्य, ताई. माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

धक्क्यावरचा
नमस्कार. मर्चंट नेव्हीतून निवृत्त, मूळचा बार्शीचा, आता विजापूर रोडला. जहाजातल्या खोलीबद्दल लिहितो, कारण ऐन वेळच्या बुकिंगमध्ये खरी किंमत तिथंच मोजावी लागते.

स्वस्तात मिळते ती बहुतेक 'गॅरंटी' पद्धतीची खोली. म्हणजे वर्ग ठरलेला, आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची. पण नंबर कंपनी देईल तो. ती पार पुढे नाकाशी येऊ शकते, पार मागे येऊ शकते, किंवा रात्री दोनपर्यंत गाणी वाजणाऱ्या हॉलच्या बरोबर खाली. जहाज पुढून-मागून वरखाली होतं तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, आणि जितकं खाली तितकं कमी. ज्यांना मळमळायची भीती आहे त्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. जानेवारीत अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि मोठ्या प्रवासी जहाजांना डोलणं कमी करणारे पंख असतात, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही. तरी ॲव्होमिनसारखी गोळी न्यायची असेल तर आजींच्या बाकी औषधांबरोबर चालते का ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. ही गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते आणि तिनं झोप येते.

दुसरं, तुम्ही पाच जण आहात. हा आकडा अडचणीचा आहे. जहाजावरच्या खोल्या बहुतेक दोघांच्या, काहींत वर दुमडणारे पलंग असतात म्हणजे तीन किंवा चार माणसं. पाच म्हटलं की दोन खोल्या आल्या. ३ आणि २ अशी विभागणी करा, ४ आणि १ नको, कारण एकट्या माणसाला बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं पडतं. तीन-चार पलंगांच्या खोल्या मोजक्या आणि कुटुंबं त्याच आधी उचलतात. शिवाय प्रत्येक लाइफबोटीवर किती माणसं, हे ठरलेलं असतं. त्या भागातली मर्यादा भरली असेल तर खोलीत पलंग रिकामा असूनही तिसरा माणूस घेत नाहीत. ऐन वेळी 'खोली आहे पण तिसरा पलंग नाही' असं उत्तर मिळतं ते यामुळे. एजंटला वाटतं कंपनी अडवतेय. कंपनी नियम पाळतेय.

कडक_भाकरी
दंडवत मालक! लाइफबोटीचं हे पहिल्यांदा कळलं.

रेशीम_गल्ली
@धक्क्यावरचा काका, ते जहाज निघायच्या आधी सगळ्यांना गोळा करून शिट्टी वाजवतात ते काय? आमच्या वेळी अर्धे लोक मोबाइलवर होते.

धक्क्यावरचा
त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. संकटात कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, ते शिकवतात. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ड्रिल व्हायची होती. त्यानंतर निघायच्या आधी किंवा निघताक्षणी ड्रिल घ्यायचीच, असा नियम कडक झाला. मृणालताई, मुलांना तिथं लक्ष द्यायला सांगा. आणि आजींना जमायच्या जागेपर्यंत जिना चढावा लागेल का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. संकटात लिफ्ट वापरत नाहीत.

सायली_एकटी_फिरते
एकटीनं जाणाऱ्यांसाठी: शेवटच्या दिवसांत कधी कधी कंपन्या तो दुहेरी भाड्याचा भार कमी करतात किंवा काढूनच टाकतात. मला तसं मिळालंय, मधल्या वाराला. तेव्हा ऐन वेळचा खरा फायदा माझ्यासारख्यांना. कुटुंबाला नाही.

अशोकचौक_श्रीनिवास
आम्ही चेन्नईहून गेलो होतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो म्हणून मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज २०२२ आणि २०२३ ला चेन्नईला हलवलं होतं. २०२३ पासून श्रीलंकेच्या फेऱ्याही केल्या त्यांनी. मुंबई-चेन्नई मेल सोलापूरवरूनच जाते, गाडी बदलायची नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, चेन्नईत चुलत भाऊ राहतात, त्यामुळे आमचं सगळं जमून गेलं. पण श्रीलंका म्हणजे पासपोर्ट लागतो. मृणाल अक्का, तुमच्या सगळ्यांचे पासपोर्ट आहेत का?

जुळे_मृणाल
@श्रीनिवासअण्णा, ह्यांचा आणि माझा आहे. सासूबाई आणि मुलांचे नाहीत.

अशोकचौक_श्रीनिवास
मग मुंबई-गोवाच बरं. भारतातल्या भारतात आधार कार्डावर चालतं. पण मुलांच्या आधारवरचं नाव आणि बुकिंगमधलं नाव अक्षरन्‌अक्षर एक ठेवा. उशिरा बुकिंग केलं की नाव दुरुस्त करायला वेळ राहत नाही, कारण प्रवाशांची यादी निघायच्या आधीच बंद होते.

भाग्यश्री_साखरपेठ
परदेशाचा विचार पुढे कधी करणार असाल तर माझा अनुभव. आम्ही सिंगापूरहून क्रूझ केली. तिथून क्रूझ भरपूर सुटतात आणि शेवटच्या दिवसांतले भाव मोहात पाडतात. पण आपल्या पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत काढायचा, त्यात काही दिवस जातात. जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे दुसऱ्यांदा आत शिरायचं. व्हिसा मल्टिपल एंट्री आहे याची खात्री हवीच. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. आणि विमानाचं तिकीट ऐन वेळी चढतं, त्यामुळे जहाजावर वाचवलेलं विमानात गेलं, असं होऊ शकतं.

युरोपचं तर नावच नको. शेंगेन व्हिसाच्या निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी त्याहून जास्त, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी. भूमध्य समुद्रातल्या लास्ट मिनिट सवलती ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी असतात.

वेशीतला_विजय
पासपोर्टवरून आठवलं. सासूबाई आणि मुलांचे आत्ताच काढून ठेवा, क्रूझ असो नसो. सोलापुरात हेड पोस्टात पासपोर्ट केंद्र झाल्यापासून पुण्याला जायची गरज उरली नाही. तत्काळचे वरचे २,००० वाचतील ते वेगळेच.

भैयाचौक_इतिहास
अवांतर आहे, पण राहवत नाही. क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पियर आणि आपलं सोलापूर यांचं नातं जुनं आहे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातूनच जहाजानं चीनला निघाले. पाच भारतीय डॉक्टरांचं पथक होतं, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथंच गेले. सोलापूरला परत आलेच नाहीत. मृणालताई, जायच्या आधी मुलांना त्यांचं स्मारक दाखवून आणा. मग जहाज धक्का सोडताना त्यांना वेगळंच काही वाटेल.

रेशीम_गल्ली
वा! रोज त्या रस्त्यानं जाते, पण असा विचार केला नव्हता.

धक्क्यावरचा
@भैयाचौक_इतिहास, सुंदर. त्या काळी मुंबईहून कोकण-गोव्याला जाणं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट, हेही जोडा. माझे वडील त्या बोटीतून रत्नागिरीला गेले होते, डेकवर पथारी पसरून. मुंबई-गोवा बोट नंतर बंद पडली ती २०१८ ला 'आंग्रिया' आली तेव्हा पुन्हा सुरू झाली. तीही थोडीच वर्षं चालली.

दत्तचौकातून
पैशांबद्दल लिहितो, कारण आमच्या ओळखीच्या एका घराला फटका बसलाय. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, 'ग्रुप रद्द झाला, चार खोल्या शिल्लक, आज रात्री बारापर्यंत'. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, त्यांनी पाठवले. नंतर नंबर बंद. ऐन वेळच्या बुकिंगमध्ये घाई असते आणि घाईतच फसवतात. पैसे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा जीएसटी नंबर असलेल्या एजंटच्या फर्मच्या खात्यावरच भरा. बुकिंग नंबर आला की कंपनीला स्वतः फोन करून नाव विचारा. आणि फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लवकर केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

तिकीटखिडकी
दत्तचौकवाल्यांना अनुमोदन. जोडून सांगतो: शेवटच्या दिवसांत घेतलेल्या तिकिटाचे रद्द केल्यावर पैसे परत मिळत नाहीत, हे गृहीत धरा. मृणालताई, तुमचा कंटेनर अडकला तर? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी बुकिंग केलं आणि तारीख बदलायची सोय घेतली तर थोडं शुल्क जातं. ऐन वेळी घेतलं आणि जाता आलं नाही तर सगळं जातं.

कडक_भाकरी
बरं, जेवणाचं काय? शेंगा चटणी नेऊ देतात का? दोन दिवस चटणीशिवाय आमचे वडील जेवणार नाहीत.

पुण्यात_अडकलेला
बाहेरचं खाणं बहुतेक नेऊ देत नाहीत, सामान तपासतात. पण जेवण भरपूर आणि चांगलं होतं. शाकाहारी, जैन, दक्षिणी, सगळं. चटणीचा डबा गाडीतल्या जेवणासाठी ठेवा आणि जहाजावर चढायच्या आत संपवा.

कडक_भाकरी
वडील म्हणतात, "मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसच बरी."

रेल्वेलाईन्स
आता खरा अडथळा बोलू का? जहाज नाही, रेल्वे! ज्या आठवड्यात तुम्हाला जहाज मिळेल त्या आठवड्यात सिद्धेश्वरला पाच कन्फर्म तिकिटं मिळणार नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आपल्या गावाहून मुंबईची रात्रीची गाडी म्हणजे सगळा व्यापारी वर्ग, विद्यार्थी, दवाखान्याला जाणारे, सगळे तिच्यावर. तत्काळ एसीला आदल्या दिवशी सकाळी १० ला, पाच जणांचं एकत्र मिळणं म्हणजे नशीब.

वंदे भारत आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून. सकाळी सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला. पण सोलापूरहून गुरुवारी नसते आणि मुंबईहून बुधवारी नसते. जहाजावर दुपारी चढायचं असेल तर त्याच दिवशीच्या वंदे भारतवर विसंबू नका, गाडी दोन तास रखडली की खेळ संपला. जहाज कुणासाठी थांबत नाही. जाताना आदल्या रात्रीची सिद्धेश्वर, सकाळी सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममध्ये अंघोळी. बॅलार्ड पियर तिथून जवळ आहे, टॅक्सीनं काही मिनिटांत. येताना जहाज सकाळी लागतं आणि वंदे भारत दुपारी चारनंतर निघते, म्हणजे येताना ती छान जुळते. बुधवार सोडून.

म्हणून माझा सल्ला: जहाजाचं नंतर ठरवा, रेल्वेचं आधी काढा. दोन-तीन संभाव्य तारखांची तिकिटं आत्ताच काढून ठेवा. बऱ्याच आधी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये अधिक जीएसटी कापतात. तेवढ्यात मनाची शांती मिळते.

तिकीटखिडकी
हे अगदी नेमकं बोललात. मला सुचायला हवं होतं आधीच.

सायली_एकटी_फिरते
विमान? २०२५ ला होटगी रोडचा विमानतळ सुरू झाला, गोव्याचंही विमान आहे. मुंबई-गोवा एकेरी फेरी मिळाली तर जाताना जहाज आणि येताना गोव्याहून थेट सोलापूर!

रेल्वेलाईन्स
कल्पना मस्त आहे. दोन गोष्टी बघा: विमान रोज नसतं, आणि ते मोपाला उतरतं-सुटतं, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला. जहाज लागतं मुरगावला, दक्षिणेकडे. मधे टॅक्सीचा चांगला लांब प्रवास. तरुणांना ठीक.

जुळे_मृणाल
किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. दोन दिवस ह्यांच्याशी बोलत होते. नवीन प्रश्न: हे म्हणतात, "कंटेनर बंदरात असताना माझा फोन चालू हवा." जहाजावर रेंज येते का? आणि लक्षद्वीपची फेरी ऐन वेळी बरीच स्वस्त दिसतेय, ती करावी का?

धक्क्यावरचा
किनाऱ्यापासून दूर गेलं की आपली रेंज जाते. मग फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला स्वतःहून जोडला जातो आणि बिल भयंकर येतं. निघताना फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि जहाजाचं वायफाय पॅकेज घ्यायचं. व्हॉट्सॲपपुरतं चालतं. हा खर्चही 'एकूण'मध्ये धरा. कारखान्यात कुणाला तरी दोन दिवस निर्णय घ्यायचा अधिकार देऊन जा, हे जास्त बरं.

लक्षद्वीप आजींना घेऊन नको. तिथं मोठ्या जहाजाला धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरून बेटावर जायचं असतं. बोट खालीवर होत असते, पाऊल टाकायचा क्षण साधावा लागतो. गुडघ्यांना ते झेपणार नाही. वारा वाढला तर कुणालाच उतरवत नाहीत. शिवाय प्रवेशाचा परवाना लागतो, कंपनी काढून देते पण कागद आधी द्यावे लागतात. स्वस्त दिसण्यामागे अशी कारणं असतात.

डॉक्टर_सातरस्ता
प्रवास विमा घ्या. जहाजावर डॉक्टर असतो पण फी आकारतात. आजींच्या औषधांची चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते. धाग्यावर वाचणाऱ्या इतरांसाठी: २४ आठवड्यांपुढच्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. ऐन वेळी धक्क्यावर हे कळून परत फिरलेलं कुटुंब मला माहीत आहे.

पुण्यात_अडकलेला
सगळं वाचून माझं मत थोडं बदललंय. मी मूळ प्रतिसादात लिहिलं ते दोघांसाठीच खरं आहे. पाच जणांना, तीन पिढ्यांना, 'मिळेल ती खोली' चालत नाही. मृणालताई, तरी मधला वार जरूर बघा. मुलांची दोन दिवस शाळा बुडेल, पण तोच भावातला खरा फरक आहे. तो आधी बुक करूनही मिळतो, शेवटच्या आठवड्याची वाट बघावी लागत नाही.

तिकीटखिडकी
हेच. वार बदलून जेवढं वाचतं तेवढं थांबून वाचेलच असं नाही.

हिप्परगा_तलाव
आणि परत आल्यावर फोटो इथं टाका. पुढच्या वर्षी मी आईला नेईन म्हणतो.

जुळे_मृणाल
ठरलं! कंपनीच्या संकेतस्थळावर आणि त्या एजंटकडे, दोन्हीकडे सगळं धरून एकूण रक्कम मागितली. शुक्रवारच्या आणि सोमवारच्या फेरीत पाच जणांमागे चांगलाच फरक निघाला. सोमवारची घेतोय, २६ जानेवारीचा आठवडा सोडून. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधल्या भागात, लिफ्टजवळ, ३ आणि २. तारीख एकदा बदलता येईल असं लेखी घेतलंय, त्याचे थोडे जास्त पडले. ह्यांनी कंटेनर आठवडाभर आधी काढायचं कबूल केलंय. रविवार रात्रीच्या सिद्धेश्वरची पाच तिकिटं काल काढली, परतीची वंदे भारतही मिळाली, बुधवार टाळून. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "तिथं देवपूजेला जागा असते का?" नेता येईल का हो देव, निरांजन वगैरे?

धक्क्यावरचा
देव न्या, निरांजन नको. खोलीत ज्योत, उदबत्ती, मेणबत्ती काहीच पेटवू देत नाहीत, जहाजावर आगीचा धोका सगळ्यात मोठा मानतात. सेलवर चालणारा छोटा दिवा मिळतो, तो घ्या. आणि व्हीलचेअरची विनंती आजच कळवून ठेवा. टर्मिनलमध्ये तपासणीच्या रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं, धक्क्यावर जाऊन मागितली तर वाट बघावी लागते.

जुळे_मृणाल
लगेच मेल करते.